पडल्यानंतरची नई तालीम



स्मृतिव्याख्यानाला आपण जमतो ते गेलेल्या माणसाची आठवण राखायला. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ती माणसं कुठे गेलेली नाहीत. ती ओसरीवर बसलेली आहेत, बाजेवर पडलेली आहेत. आठवण त्यांना सोडून गेली आहे. त्यांच्या आयुष्यातल्या एकाच प्रसंगावर मी बोलणार आहे. असं माणूस पडतं, त्यानंतर आपण त्याचं काय करतो?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू, देवळी, समुद्रपूर या तालुक्यांतल्या गावांत घरोघरी जाऊन काम करते. या कामात एक वाक्य मी इतक्या दारांत ऐकलं आहे की आता चप्पल काढता काढताच ते कानावर येतं. "पडली न माय, आता काई उठत नाई थे." बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण वाक्य निकालाचं असतं. एकदा निकाल लागला की पुढे काय उरतं? वेळेवर भरवायचं, स्वच्छ ठेवायचं आणि वाट बघायची.

हा निकाल कोणी दिला? कशावरून दिला? आणि तो खरा आहे का?

आधी माणसं किती, ते सांगते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. देशात अशी सुमारे ८८ लाख माणसं होतात. तुमच्या गावात साठीवरची दीडशे माणसं असतील, तर या हिशेबानं त्यांत अकरा. घरी गेल्यावर आपल्या गावातले अकरा मोजून पाहा. बहुतेकांची गाडी तीन-चारांवर थांबेल, कारण बाकीच्यांना आपण आजारी मानतच नाही. 'बुढा चळला', 'साठी बुद्धी नाठी' असं म्हणून मोकळे होतो. जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले, ती दवाखान्यात आली तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. म्हातारपण वेगळं आणि हा आजार वेगळा, हे तेव्हाच दिसलं होतं.

या आजारात माणूस फक्त विसरत नाही. पाऊल कुठे टाकायचं याचा अंदाजही चुकतो. काळ्या फरशीचा चौकोन त्याला खड्डा वाटतो, आणि ओली न्हाणी ओली वाटत नाही. रात्री लघवीची घाई होते, पण दिवा लावायचं सुचत नाही. त्यात कोणी झोपेची गोळी चालू केलेली असते, रक्तदाबाची असते. आणि वर आपल्या वर्ध्याचा मे महिना! पारा पंचेचाळीसला टेकतो, तहान लागल्याचं या माणसांना कळत नाही, कळलं तर सांगता येत नाही, आणि सकाळी बाजेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळ्यातल्या कित्येक पडण्यांचं कारण मला उशाशी पालथ्या पडलेल्या गडव्यात सापडलं आहे.

आता पडल्यानंतरचा पहिला आठवडा. या आठवड्यात दोन गोष्टींचा घोळ होतो.

पहिला घोळ दुखण्याचा. "आजी, दुखते का?" असं आपण विचारतो. आजी म्हणते, नाही. आपण निश्चिंत होतो. पण 'दुखते का' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आपल्या अंगाकडे लक्ष न्यावं लागतं, कालचं आठवावं लागतं, शब्द शोधावा लागतो. हे तिन्ही तिच्याकडून सुटलेलं असतं. तिचं उत्तर तोंडातून येत नाही, ते बघावं लागतं. कपाळाला आठ्या पडतात का? कूस बदलताना ती हात झिडकारते का, मारायला धावते का? एका पायावर भार द्यायचं टाळते का? एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो का, पाऊल बाहेर वळून पडलं आहे का? हे शेवटचं दिसलं तर खुब्याचं हाड मोडल्याची दाट शंका घ्यायची आणि काखेत हात घालून ओढून उठवायचं नाही. '१०८'ला फोन करायचा. कित्येक घरांत मला सांगतात, "पडल्यापासून लय चिडचिडी झाली." ती चिडचिड नसते. दुखण्याला तिच्याकडे उरलेला तेवढाच शब्द असतो.

खुबा मोडलेल्या माणसाचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत व्हावं, हे आज सगळीकडे मानलं जातं. घरातले म्हणतात, ऐंशीच्या वयात कशाला चिरफाड? मी उलट विचारते, न केल्यास काय होईल? पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे निजवायचं. स्मृतिभ्रंशाचं माणूस ते वजन ओढून काढतं, रोज. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. निरोगी म्हाताऱ्या माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतले स्नायू सुमारे एक किलोनं घटले होते. मोडलेलं काहीच नव्हतं, फक्त निजवलं होतं. म्हणून प्रकृती अगदीच साथ देत नसेल तर गोष्ट वेगळी, एरवी ऑपरेशन हा दुखणं थांबवण्याचाही उपायच आहे आणि दुसऱ्या दिवशी उठून बसण्याची वाटही तीच आहे.

दुसरा घोळ याहून मोठा. इथे मला माझ्या वडिलांबद्दल बोलावं लागेल.

बाबा शाळामास्तर होते. विसरायला लागून तीन वर्षं झाली होती, तेव्हा ते घरात पडले. एका शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तिसऱ्या रात्री ते ओरडायला लागले. नळी ओढायचे, खाटेवरून उतरायचे, भिंतीवर मुंग्या आहेत म्हणायचे. मध्येच हजेरी घ्यायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या पोरांची नावं, एकामागून एक, ओळीनं. कर्मचाऱ्यांनी विचारलं, हात बांधू का? आम्ही हो म्हटलं. मी हो म्हटलं. फिजिओथेरपी शिकलेल्या मुलीनं आपल्या बापाचे हात पट्टीनं खाटेला बांधू दिले, झोपेचं इंजेक्शन देऊ दिलं, आणि आईला सांगितलं, "बाबांचा आजार वाढला, आता हे असंच."

ते असंच नव्हतं. त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जुनी माणसं म्हणायची, वात झाला. स्मृतिभ्रंश वर्षावर्षानं चढतो, हा एका रात्रीत येतो. सकाळी माणूस बरं बोलतं, दुपारी ओळखत नाही, रात्री थैमान घालतं. आणि याला कारणं असतात, शोधली तर सापडतात: न शमलेली वेदना, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेलं पोट, कमी पडलेलं पाणी, जंतुसंसर्ग, नवं औषध. चष्मा घरी राहिलेला असतो, कवळी डबीत असते, कानाचं यंत्र "हरवेल म्हणून" आईच्या पिशवीत असतं. आमच्या बाबांचा चष्मा माझ्याच पर्समध्ये होता.

चौथ्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा मुलगा जागा होता. बाबांनी हजेरीतलं एक नाव घेतलं आणि तो पोरगा अंधारातून म्हणाला, "हजर, सर." बाबा थांबले. पुढचं नाव घेतलं. "हजर, सर." वर्ग पुरा झाला आणि बाबा झोपले. इंजेक्शनाशिवाय.

वात उतरायला कधी दिवस लागतात, कधी आठवडे, पण बहुतेक वेळा बराचसा उतरतो. त्या दिवसांत आपण काय करतो यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ओळखीचं माणूस उशाशी बसवा. चष्मा लावा. घरची गोधडी न्या. दिवसा खिडकी उघडी ठेवा, रात्री दिवे विझवा. पाणी स्वतःच्या हातानं पाजा. डॉक्टरांना सरळ विचारा, "लघवी तुंबली नाही ना? दुखण्याचं औषध वेळच्या वेळी चालू आहे ना?" आणि या दिवसांत निकाल लावू नका. आम्ही लावला होता. बाबांना आम्ही तसंच निजवून घरी आणलं, तसंच निजवून ठेवलं. पाठीला जखम झाली. चार महिन्यांत ते गेले.

आता दुसरा भाग. पहिला आठवडा निभावला, माणूस घरी आलं. पुढे काय? मला इथे जरा रेंगाळायचं आहे, कारण माझं खरं म्हणणं इथेच आहे.

सेलू तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी. आयुष्यभर लोकांच्या वावरात कापूस वेचलेली. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. मी पहिल्या दिवशी गेले आणि शिकले तसं सगळं केलं. "आजी, पाय उचला. वरच ठेवा. दहापर्यंत मोजा." आजीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाची व माय तू?" मी सांगितलं. पुन्हा म्हटलं, पाय उचला. तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या खेपेला तेच. घरच्यांच्या चेहऱ्यावर तेच निकालाचं वाक्य दिसायला लागलं होतं, आणि खरं सांगते, माझ्याही मनात ते येऊन गेलं.

तिसऱ्या खेपेला ओसरीवर ताज्या वेचणीचा कापूस पडला होता. सुनेनं काही न बोलता सासूला बाजेच्या काठाशी बसवलं आणि तिच्या कमरेला ओटी बांधली, कापूस वेचताना बायका बांधतात तशी. गाठ मारली. समोर दोराला कापूस अडकवला होता, उभं राहिल्यावर हाताला येईल एवढ्या उंचीवर. म्हातारीनं गाठ चाचपली. पाय मागे ओढले, पुढे वाकली, आणि खांबाला धरून उठली. मी कंबरेला हात लावून उभी होते, पण जोर तिचा होता. एक बोंड काढून तिनं ओटीत टाकलं. मग दुसरं. मी मनात आकडे मोजत होते, आणि तिला ते मोजायची गरज नव्हती.

हे काय झालं? यात चमत्कार काही नाही. आठवणी मेंदूत एकाच जागी नसतात. काल काय जेवलो, ही बाई कोण, डॉक्टरांनी काय बजावलं, हे साठवायला जो भाग लागतो त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, आणि अल्झायमरमध्ये पहिला घाव बहुधा त्यावरच पडतो. पण भाकरी कशी थापायची, सूत कसं काढायचं, वेचताना कसं वाकायचं, ही हातापायांची आठवण मेंदूच्या दुसऱ्या, खोलवरच्या भागांत असते आणि ती फार उशिरापर्यंत टिकते. आपण शिकवताना पहिल्या आठवणीच्या दारावर थापा मारत बसतो. ते दार आतून बंद झालेलं आहे. मागचं दार उघडं आहे, तिकडे कोणी जात नाही.

आणि वर्ध्याच्या माणसाला हे मी वेगळं काय सांगू? ऑक्टोबर १९३७ मध्ये याच शहरात शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी तिथे सांगितलं की शिक्षण हाताच्या कामातून द्या. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा आराखडा केला, सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांनी तो जगून दाखवला. आधी पुस्तक आणि मग काम, असा क्रम तिथे नव्हता. टकळी फिरवता फिरवता मूल गणित शिकायचं. पुढे १९४५ साली सेवाग्रामच्याच परिषदेत गांधीजींनी या शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, मर्यादा वाढवली आणि ती जन्मापासून मृत्यूपर्यंत नेली.

मृत्यूपर्यंत! या शब्दाचा अर्थ आपण किती गंभीरपणे घेतला? प्रौढांचे वर्ग घेतले, बालवाड्या काढल्या. पण बाजेवर पडलेली, स्वतःचं नाव विसरलेली म्हातारी शिकू शकते, असं आपण धरलं का? मी म्हणते, ती शिकू शकते. ती सूचनेतून शिकणार नाही, कामातून शिकेल. ज्या विचाराचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे, त्याची सर्वांत जास्त गरज आज तिला आहे.

यावर कोणी म्हणेल, ताई, एका आजीची गोष्ट झाली. बरोबर आहे. फिनलंडमधल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. खुबा मोडलेल्या काही रुग्णांना नेहमीचे उपचार दिले, काहींना जास्त कसून पुनर्वसन दिलं. मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी, कसून मेहनत घेतलेल्या गटातले ६३ टक्के तीन महिन्यांनी आपापल्या घरी राहत होते. दुसऱ्या गटातले १७ टक्के. रुग्ण थोडे होते, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानू नका. पण 'यांच्यावर मेहनत वाया जाते' हे ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा समोर ठेवावा. ज्यांचा आजार अगदी शेवटच्या टप्प्याला गेला आहे त्यांचं वेगळं आहे. तिथे चालवण्याचा हट्ट धरायचा नाही. वेदना नको, जखम नको, सोबत हवी, एवढंच तिथे काम आहे आणि तेही मोठंच आहे.

मग रोज करायचं काय? एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही थोडक्यात. "उठा, उभ्या राहा, वॉकर धरा आणि हळू चला" या एका वाक्यात चार हुकूम आहेत, आजीपर्यंत त्यातला एकही पोचत नाही. "चला, चहा ठेवू" म्हणा आणि हात पुढे करा. आधी स्वतः करून दाखवा. चूक झाल्यावर सुधारत बसू नका, चुकूच देऊ नका, कारण चुकीचीही सवय लागते. वॉकर ही तिला आयुष्यात कधी न दिसलेली वस्तू आहे, ती हातात देऊन निघून जाऊ नका. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच शब्दांनी तो पुढे ठेवला तर काही आठवड्यांनी हात आपोआप जातो. आणि जिभेवर जे आधीपासून आहे ते वापरा. जात्यावर बसलेल्या बाईचे पाय ओवीच्या चालीवर उचलतात, भजनी मंडळात टाळ धरलेल्या माणसाचे भजनाच्या.

एक इशारा मात्र देते. नवा खुबा बसवला असेल तर काही महिने, कधी कायमचं, मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद असतं. आजींचा सगळा जन्म जमिनीवर गेला आहे. त्यांचे हातपाय त्यांना जमिनीकडेच नेणार. सांगून त्या लक्षात ठेवणार नाहीत. म्हणून पाट, चूल, विळी समोरून हलवा आणि तेच काम खुर्चीच्या उंचीला आणा. भाजी टेबलावर निवडू द्या. संडासाला खुर्ची ठेवा.

घराविषयी फार बोलत नाही, तुम्हाला दिसतंच. न्हाणीतलं शेवाळ खरवडा, धरायला नळीचा दांडा ठोका, उंबरठ्याच्या कडेला पांढरा रंग द्या, रात्रभर एक छोटा दिवा जळू द्या. लुगडं घोट्याच्या वर नेसवा. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून मोडली, तेव्हा हाडांचं औषध सुरू करायचं का, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. ताटात रोज डाळ, जमलं तर अंडं.

एका गोष्टीवर मात्र बोलायलाच हवं. आपल्या घरांतलं सगळ्यात मायेचं वाक्य कोणतं? "उठू नको माय, पडशील." मुलगा म्हणतो, सून म्हणते, नातू म्हणतो. आजी बसून राहते. बसून पाय वाळतात. वाळलेल्या पायांनी ती रात्री कोणाला न सांगता उठते, आणि पडते. भीती खरी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. एकदा रक्तात पडलेली आई पाहिली की ते चित्र जात नाही. पण "उठू नको" ऐवजी "थांब, मी येते, दोघी उठू" म्हणता येतं. वेळ लागतो, हे मला माहीत आहे. सोयाबीनच्या दिवसांत सुनेकडे तो वेळ नसतो, हेही माहीत आहे.

म्हणूनच शेवटचा मुद्दा सुनेचा नाही, गावाचा आहे. आज ऑपरेशनाच्या पैशाची काही सोय झाली आहे. सरकारी योजना आहेत, २०२४ पासून सत्तरीवरच्या माणसांना दर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू शकतं. पण ऑपरेशन तासा-दोन तासांचं, आणि उभं राहणं तीन महिन्यांचं. त्या तीन महिन्यांत दारात कोण येतं? डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत व्यायाम लिहिलेले असतात, ते कार्ड देवाच्या फळीवर जपून ठेवलेलं असतं. मी ते कितीदा तिथे पाहिलं आहे.

आपल्या जिल्ह्यानं याहून अवघड गोष्टी केल्या आहेत. १९६९ साली देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला उभं केलं. तिथले विद्यार्थी गावं दत्तक घेतात, तिथे मुक्काम करतात. तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी गावांना सोबत घेऊन विम्याची अशी पद्धत बसवली की सुगीच्या वेळी घराघरानं ज्वारी द्यायची, ज्याच्याकडे जास्त त्यानं जास्त. पैसा हातात नव्हता तेव्हा गावानं धान्यातून दवाखान्याशी नातं जोडलं. मग आज गावानं मिळून आठवड्यातून तीनदा येणारा एक शिकलेला माणूस ठेवणं अशक्य आहे का? तो फिजिओथेरपिस्टच असावा असंही नाही. बारावी झालेली, धीराची, गावातलीच मुलगी आम्ही तीन-चार महिन्यांत तयार करू शकतो. सुनेला त्या तासात वावरात जाता येईल, किंवा नुसतं झोपता येईल. दत्तक गावात जाणारा विद्यार्थी घराची माहिती लिहून घेतो, तेव्हा त्यानं न्हाणी बघावी आणि म्हाताऱ्या माणसाला एकदा खुर्चीवरून उठायला सांगून पाहावं. एवढी एक ओळ त्या वहीत वाढवायला काय लागतं? इथे बसलेल्या सरपंचांना, शिक्षकांना माझी विनंती आहे, मला बोलवा. सुरुवात एका गावापासून करू.

सेलूच्या त्या आजी सातव्या आठवड्यात अंगणातल्या तुळशीपर्यंत चालत गेल्या. वॉकर नको म्हणाल्या, सुनेचा हात धरला. मी एकूण एकवीस वेळा त्या घरी गेले आणि एकवीस वेळा त्यांनी मला विचारलं, "कोनाची व माय तू?" दर वेळी मी सांगितलं. शेवटच्या दिवशीही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सुनेला म्हणाल्या, पोरीले चहा दे.

बाहेर व्हरांड्यात मी तीन खुर्च्या मांडून ठेवल्या आहेत, तीन वेगवेगळ्या उंचीच्या. साठीवरच्या सगळ्यांनी जाताना एकेकीवर बसावं आणि हात न टेकता उठून बघावं. घाई करू नका, मी तिथेच उभी आहे. ज्यांना सगळ्यात बुटक्या खुर्चीवरून उठता येणार नाही, त्यांनी माझ्याजवळ नाव आणि गाव लिहून ठेवा.